नळी निळी, बोट काळं

नळीतलं औषध निळंच राहिलं होतं आणि शेषरावांच्या पायाचं बोट काळं पडत चाललं होतं. दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत कसं, हे मला कळेना.

महाराष्ट्र राज्य नवीन होतं तेव्हाची ही गोष्ट. मी जळगाव जामोदच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. रक्तातली साखर मोजायची सोय तिथे नव्हती. बेनेडिक्ट नावाच्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर. शेषराव पहिल्यांदा आले तेव्हा नळी विटकरी झाली होती. काट्याची जखम भरत नव्हती. मी गोळ्या दिल्या, गोड बंद केलं आणि बाकावरच्या सगळ्यांसमोर झापलं, "पुन्हा लाल दिसली तर पाय कापायला पाठवीन!"

तेव्हापासून दर खेपेला नळी निळी. जखम मात्र चिघळत होती. पेनिसिलिन दिलं. औषध खराब असेल म्हणून नवी बाटली मागवली. शेवटी वरच्या साहेबांना विचारलं.

"शुगर निल आहे ना? मग ड्रेसिंग नीट करा," ते म्हणाले.

त्या दिवशीही नळी निळी होती. मी समाधानाने मान हलवली आणि शेषराव बाकावरून घसरले. घामाने डबडबलेले, हात थरथरत होते.

"गुलाबराव, साखरेचं पाणी आणा!" मी कंपाउंडरला ओरडलो.

गुलाबराव जागचे हलेनात. "साहेब, यायले डायबेटिस हाय ना?"

"आणा म्हणतो ना!"

पाणी पोटात गेलं आणि थोड्या वेळात शेषराव उठून बसले. बाकावरचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "साखर सोडून बिमार पडला, साखर पिऊन उठला. या डॉक्टरचं कोन्तं खरं मानावं बे?"

गोळीने साखर उतरते. पोट रिकामं असेल तर नको इतकी उतरते. पण पोट रिकामं का? मी त्यांच्या बायकोला विचारलं, "हे जेवले कधी?"

"काल सकाऊन. तपासाच्या आदल्या दिवशी हे असेच उपाशी राह्यतात. तुम्ही चिल्लावता ना, साहेब."

"आणि बाकीचे दिवस?"

"पंगतीत बुंदी खातात," त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या.

मी झापायला तोंड उघडलं, मग मिटलं. स्टूल ओढून बसलो. "शेषरावभाऊ, अडतं कुठं?"

"लगनसराई हाय. पंगतीत पयल्या घासाचा मान आमच्या घराचा. मी घास घेतल्याबिगर गावात कोनी ताटाले हात लावत नाई. मी बुंदी नाई खाल्ली, तर पोरीच्या बापाले वाटते, यानं नाव ठेवलं. सांगा, काय करू?"

"मला नाही माहीत," मी म्हणालो. ते खरंच होतं. "तुम्हाला काही सुचतं?"

त्यांनी पायावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाले, "वाढप्याले कोनी खा म्हनत नाई."

"तुम्ही वाढसान? या पायानं?" बायको हसली.

"पाय बरा होईस्तोवर कोठीत बसतो. बुंदी काढून देतो. पयला घास धाकटा भाऊ घेईन."

पुढे तसंच झालं. कोठीतला माणूस सगळ्यात शेवटी जेवतो. शेषराव घरची भाकरी आणि वांग्याची भाजी खायचे. आता नळी कधी हिरवी, कधी पिवळी यायची, म्हणजे साखर थोडी. रंगावरून बोलणं मी सोडलं. आठवडा कसा गेला, एवढंच विचारायचो. बोट काढावं लागलं, पाय राहिला. पुढल्या लगनसराईत ते लंगडत पंगतीत वाढत होते.

माझ्या निरोप समारंभात एकाने सांगितलं की माझ्या समजावण्याने एका शेतकऱ्याचा पाय वाचला. हार गळ्यात होता. मी गप्प बसलो. म्हणून आज लिहितो. पाय शेषरावांनी वाचवला. माझ्या बोलण्याने बोट गेलं. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. एवढंच कळलं, की घाबरलेला रोगी पथ्य पाळत नाही, तो फक्त तपासणीत पास होतो.