माशांचा अंतरपाट

तुमच्या आजोबांच्या मावसभावाने जितकी लग्नं लावली, तितकी आपल्या अख्ख्या जिल्ह्यातल्या भटजींनी मिळूनही लावली नसतील. आणि तीही सगळी माशांची. आजोबांचा हात कंपवाताने थरथरू लागला, त्याच वर्षी या मावसभावाने, म्हणजे माझ्या भाऊजींनी, राहुरीच्या वाटेवरच्या प्रयोगशाळेत झेब्रा माशांचं काम मागून घेतलं. पेरभर लांबीचे मासे, अंगावर निळे पट्टे. संध्याकाळी नर-मादी एका टाकीत सोडायचे, मधे पडदा. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा, मग अंडी मिळतात. त्या पडद्याला भाऊजी अंतरपाट म्हणतात, आणि 'सावधान' म्हटल्याशिवाय तो उचलत नाहीत. पिल्लांना एक औषध देऊन कंपवात झाल्यासारखं मंद करायचं, मग एकेक नवं द्रव्य पाण्यात घालून कुणी पुन्हा नीट पोहतं का ते पाहायचं. एवढ्यासाठी हा माणूस रोज उजाडायच्या आत घराबाहेर पडतो.

तिसगावला पुतणीच्या लग्नात आम्ही अंतरपाटाचं एक टोक मोठ्या कौतुकाने त्यांच्या हाती दिलं. तिसऱ्या मंगलाष्टकाला वीज गेली. जनरेटर सुरू झाला, मांडवभर दिवे लागले, आणि भाऊजींनी सवयीने अंतरपाट खसकन ओढला. मुलीचे मामा ओरडले, "अवं पाव्हणं, अजून दोन मंगलाष्टकं हायेत की!"

"दिवे लागल्यावर थांबवू नये," भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "मग अंडी घालत नाहीत."

तुमचे आजोबा इतके हसले, की त्यांच्या मुठीतल्या अक्षता कुणी न सांगताच उधळल्या गेल्या.

दर रविवारी भाऊजी भिंगारला आमच्याकडे यायचे. आजोबा विचारायचे, "काय रे, पोहलं का कुणी?"

"नाही दादा. पण यादी लांब आहे अजून."

"त्यांना सांग, मी काठावर बसलोय."

आजोबांचा चहा हिंदकळायचा, म्हणून मी त्यांचा कप अर्धाच भरायची. भाऊजीही अर्धाच मागायचे. "पित्त होतं, वहिनी." आणि असे अर्धे चार कप प्यायचे. हे कसलं पित्त, म्हणून मी कित्येक वर्षं मनातल्या मनात चिडत असे. कारण कळलं ते आजोबा गेल्यावर: एकट्या आजोबांचाच कप अर्धा दिसू नये, म्हणून.

परवाच्या रविवारी भाऊजी चपला न काढताच आत आले. "वहिनी, पोहली! एका द्रव्यात पिल्लं पोहली. माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील, कदाचित येणारही नाही. पण पोहली."

बोलताना ते आजोबांच्या खुर्चीकडेच बघत होते.

मी चहा केला, आणि त्यांचा कप प्रथमच काठोकाठ भरला. त्यांनी तो नुसता पाहिला, दुसरा कप मागून घेतला आणि निम्मा चहा त्यात ओतला. तो अर्धा कप मी प्यायले. मी बिनसाखरेचा चहा घेते, हे त्या दिवशी दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.