फ्यूज काढल्यावरही पेटलेला दिवा

शेजारच्या सुभाषने या व्हॉट्सअ‍ॅप गटात लिहिले आहे की, काल आबाच्या, म्हणजे माझ्या, विहिरीवर भुताने दिवा लावला. घटना कालची नसून आज दुपारची आहे. आणि ते भूत नव्हते.

पंपाच्या खोलीत मी स्वतः जुळवलेले सर्किट आहे. तिसऱ्या फेजवर वीज आली की ऑप्टोकपलरमधला इवलासा दिवा लागतो आणि त्याच्या उजेडाने, तारेच्या स्पर्शाविना, बाहेरचा लाल दिवा पेटतो.

त्या फेजची सैल तार आवळायला वायरमन रशीद खांबावर चढत होता. डीपीवरचा, म्हणजे रोहित्राच्या पेटीतला, तेवढा एकच फ्यूज काढायचा, ही आपल्याकडची सवय. तरीही लाल दिवा पेटलेलाच.

“आबा, फ्यूज मन्हा खिसामा शे. मंग हाऊ दिवा कसा पेटना?”

“आधी खाली उतर.”

उसात सुभाषची मोटार घरघरत होती. कंडेन्सर लावून त्याने ती दोन फेजवर चालवली होती. तिच्यातूनच वीज उलटी फिरून तिसऱ्या तारेत येत होती.

ती बंद केली. दिवा विझला. रशीदने पुन्हा खांबाला हात लावला, तोच दिवा पुन्हा पेटला.

फ्यूज अजून रशीदच्या खिशात आहे, तार सैलच आहे आणि हे लिहितानाही दिवा पेटलेला आहे. लोणखेड्याच्या या डीपीवर अशी दोन फेजवरची दुसरी मोटार कोणाची चालू आहे?