आत्याचा स्वभावप्रकार

एका ऑनलाइन स्वभावचाचणीने मला ‘विचारप्रधान’ ठरवलं तेव्हा हायसं वाटलं. आपण जरा कोरड्या आहोत, या जुन्या संशयाला नाव मिळालं. पिपरी मेघे गावातल्या आमच्या घरात बाबांनीही ते लगेच मान्य केलं, आणि एक निर्णय माझ्यावर सोपवला. त्यांची मोठी बहीण, माझी आत्या, वडनेरला एकटी राहते. उन्हाळ्यात ती न्हाणीत पडली होती. तिला कायमचं आमच्याकडे आणायचं का?

“तू डोक्यानं ठरवशील,” बाबा म्हणाले. “मी तर ताईसमोर रडून देईन.”

मी वहीत दोन रकाने आखले. आणण्याच्या बाजूने नऊ मुद्दे निघाले. राहू देण्याच्या बाजूने एकच: तिला तिथे आवडतं.

तिला आणायचं ठरल्याचं सांगायला वडनेरला गेले तो दिवस सीतादहीचा होता. पहिला कापूस वेचण्याआधी कपाशीची पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तो. आत्याच्या शेतातली पूजा झाली होती. ऊन सायीसारखं पसरलं होतं आणि फुटलेल्या बोंडांमुळे सगळं शेत जमिनीच्या थोडं वर तरंगल्यासारखं दिसत होतं. मला विषय काढता येईना. म्हणून मी मोबाईलवर तीच चाचणी उघडली.

“आत्या, ठरवताना तू डोक्याचं ऐकतेस की मनाचं?”

“कोनाबद्दल ठरवाचं हाय?”

“कोणाबद्दलही.”

“असं कसं वो माय? मानूस पाह्यल्याशिवाय कसं सांगू?”

वेचायला आलेल्या बाया हसल्या. “भाची पेपर घेऊन राह्यली. कॉपी नका करजो बाई!”

मग आत्याने बायांना कपाशीच्या ओळी वाटून दिल्या. गुडघा दुखणारीला बांधालगतच्या. अबोला धरलेल्या दोघी दोन टोकांना. एका तरुण बाईला कडुनिंबासमोरची.

“तिला तिथे का?”

“तिचं लेकरू झाडाखाली निजते. दिसत राह्यलं तर तिचे हात चालते. नाई तर घडीघडी त्याच्याकडे पयते.”

हा हिशेब होता की माया, मला सांगता येईना. या चाचणीमागच्या सिद्धांतात भावना म्हणजे डोळ्यांतलं पाणी नव्हे, काय किती मोलाचं हे ठरवणारी तीही एक बुद्धीच, असं मी वाचलं होतं. वाचून पुढे सरकले होते. त्या पांढऱ्या उजेडात उभं राहून वाटलं, मी मुद्दे मोजले, त्यांचं वजन केलंच नाही.

“बापानं न्यायले पाठवलं नं तुले?” कापूस वेचताना माझ्याकडे न बघता आत्या म्हणाली. “काय ठरवलं मंग?”

तिचे हात थांबले होते. तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“न्हाणीत धरायला दांडा बसवू,” मी म्हणाले. “फरशी खरबरीत करू. रोज सकाळी मला फोन करायचा.”

आत्याने पदराने नाक पुसलं आणि ती पुन्हा वेचू लागली.

मी तिथूनच बाबांना फोन लावला. आत्या वडनेरलाच राहील, असं सांगितलं.

“आणि पुन्हा पडली तर?”

“पडेलही,” मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखा नव्हता. “दर शनिवारी मी येत जाईन इथे.”

ओटीत कापूस भरता भरता आत्या ओरडली, “शनवारी उपास असते माहा. रविवारी येजो, जेवाले!”