रिकाम्यापेक्षा रिकामा ट्रक

नव्वदच्या दशकात पिंप्राळ्यात, स्कूटर दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघं प्रोग्रॅम लिहायचो: मी आणि माझे भागीदार, धुळ्याचे भाऊ. त्या दिवशी भडगावचे केळीवाले आबा आले होते. ट्रकांच्या वजनाची बेरीज त्यांच्यासमोर बरोबर आली तर काम आमचं. दोनला वीज जाणार होती आणि बेरीज चुकत होती.

चूक शोधायला भाऊंनी स्वतः लिहिलेला डिबगर होता. प्रोग्रॅम मध्येच थांबवायचा आणि मेमरीच्या कुठल्या कप्प्यात काय आहे ते पडद्यावर बघायचं. मी ट्रकांची यादी मागितली. ट्रक किती, हे प्रोग्रॅमने अजून भरलंच नव्हतं. त्या कप्प्यात आधीच्या कामाचा कुठलासा भलामोठा आकडा पडून होता. डिबगरने तो खरा मानला आणि ट्रक दाखवायला सुरुवात केली. थांबेचना.

आबा खुर्ची पुढे ओढून बसले. "हाऊ बठ्ठा माल मना शे का?"

"सगळा माल बघा आबा, काही लपवत नाही," भाऊ म्हणाले.

तेवढ्यात उणे वजनाचा एक ट्रक सरकला. आबा ओरडले, "हाऊ तर रिकामापेक्षाबी रिकामा शे!"

मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. "भाऊ, किती ते कुणी सांगितलं नाही तर दहाच दाखवू. पुढचं हवं असेल तर कळ दाबायची."

"मर्यादा? गिऱ्हाइकाला वाटेल, हातचं राखतोय. माझ्या डिबगरला हात लावायचा नाही."

त्यातच भाऊंच्या आई, अक्का, भरताचं पातेलं आणि कळण्याच्या भाकरी घेऊन आल्या. पाहुण्याला वाढलं, मला वाढलं, मग लेकाकडे वळल्या. भाऊंनी ताटावर आडवा हात धरला. अक्कांचा नेम पक्का होता, हात कुणाचा हे त्या बघत नसत. गरम भरीत मनगटावर पडलं.

"अगं अक्का! किती हवं ते आधी विचार तरी!"

मी नुसती पडद्याकडे बघत राहिले. तिथे ट्रक अजून धावतच होते.

"घाला तुमचे दहा," मनगट चाटत भाऊ म्हणाले.

पाच मिनिटांचं काम. या वेळी दहा ओळी आल्या आणि पडदा थांबला. दहाही ट्रक अशक्य वजनांचे. म्हणजे यादी भरण्याआधीच प्रोग्रॅम बेरीज घेत होता. दोन ओळींची जागा बदलली, बेरीज जुळली. आबांनी ती खिशातल्या चिठ्ठीशी ताडून मान हलवली, आणि पंखा थांबला.

काम मिळालं. जिना उतरताना आबा मात्र जरा हिरमुसलेले दिसले.

"दहाच? मंघाशी ते गंज ट्रक व्हतात!"

"आबा, ते ढीगभर ट्रक खोटे होते."

"व्हतात ना खोटे. पन व्याहीसले दखाडाले बरा व्हतात."