पंख्याखालची खाट

मे महिन्यात आमच्या अमरावतीत माणसं कूलरपुढच्या जागेवरून भांडतात, बाळंतिणीला मात्र पंख्याखाली झोपू देत नाहीत. वारा लागतो म्हणे. भिंतीला हात लावला तर चटका बसतो अशा दुपारी त्या बिचाऱ्या कान-डोकं फडक्यानं घट्ट बांधून घामानं निथळत पडलेल्या असतात. नर्सिंगची परीक्षा मी पहिल्या झटक्यात पास झाले, पण या वाऱ्यापुढे आजवर हरतच आले.

त्या दुपारीही हरले. सात नंबरची खाट नेमकी पंख्याखाली होती. तिथल्या बाळंतिणीची सासू नांदगाव पेठेकडची, जमीनजुमल्याची, आवाजाची खणखणीत. "बाळंतीण हाये ते! पंख्याखाली काहून झोपवता?" म्हणून तिनं सकाळपासून माझं डोकं खाल्लं होतं. शेजारच्या आठ नंबरवर मेळघाटातल्या धारणीकडून आलेली कोरकू आदिवासी बाई होती, तिला वाऱ्याचं काही वावडं नव्हतं. दोघींचंही सिझेरियन झालेलं. मी वैतागून दोघींच्या खाटा बदलून दिल्या. रजिस्टरात नोंद करायची ती 'करते नंतर' म्हणून राहून गेली.

आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर मूळच्या तेल्हाऱ्याच्या, शेतकऱ्याघरच्या. बोलणं असं की नवी मुलगी पहिल्या आठवड्यात एकदा तरी रडायचीच. मीही रडले होते. पण धारणीहून जीपमध्ये हाडं खिळखिळी होऊन आलेल्या बाईच्या पोटालासुद्धा "बाई, हात लावू काय?" असं विचारल्याशिवाय त्यांनी कधी हात लावला नाही. पेशंटला नंबरानं हाक मारलेली त्यांना खपायची नाही. औषध देण्याआधी नाव विचारायचं, म्हणजे विचारायचंच. मला त्यांचं भय वाटायचं, आणि खरं सांगते, त्यांच्यासारखं व्हावं असंही वाटायचं.

त्या दिवशी मात्र दोन तातडीच्या केस एकदम आल्या, एक नर्स रजेवर. सिस्टर इंजेक्शन घेऊन सात नंबरकडे गेल्या. तिथल्या बाईशी त्यांची तीन दिवसांची ओळख, अदलाबदल ठाऊक नाही. खाटेवर डोक्यावरून पदर ओढलेली बाळंतीण भिंतीकडे तोंड करून झोपलेली. झोपमोड कशाला, म्हणून त्यांनी नाव विचारलं नाही. सलाइनच्या नळीतून औषध गेलं. तेवढ्यात बाळ रडलं, बाई जागी झाली आणि बाळाशी कोरकूत बोलू लागली.

सिस्टरांचा हात तिथंच थांबला. मी चार पावलांवर होते. मी धावले, कारण ते औषध आधी थोडं टोचून पाहिल्याशिवाय द्यायचं नसतं. त्या खणखणीत सासूबाईंच्या सुनेची ती चाचणी झाली होती, या बाईची नव्हती. एखादीचा श्वास कोंडतो, जीवही जातो.

आम्हा दोघींशिवाय कुणालाही कळलं नव्हतं. सिस्टरांनी मला तातडीच्या औषधांचा ट्रे आणायला लावला, डॉक्टरांना फोन केला आणि बाहेर बसलेल्या नवऱ्याला खाटेजवळ बोलावलं. "भाऊ, माह्या हातून चूक झाली. दुसऱ्या बाईचं औषध तुमच्या बाईले देलं. तिले काई होते का, ते पाहून राहिली. मी इथून हालत नाई." तो मान हलवत राहिला. त्याला नीट समजलं नाही असं वाटून त्यांनी सगळं पुन्हा हिंदीत सांगितलं. मग त्यानं बायकोचा हात धरला तो सोडलाच नाही.

तास गेला, दुसराही गेला. श्वास नीट, नाडी नीट, अंगावर पुरळ नाही. तरुण डॉक्टर हळूच म्हणाले, "सिस्टर, काही झालं नाही ना? मग लिहू नका. दोन महिन्यांवर रिटायरमेंट आलीय तुमची. उगाच चौकशी लागेल."

"लिवलं नाई तं पुढच्या ड्युटीवाली काय पाहीन, डॉक्टर? तिले पुरळ आज रातीबी येऊ शकते."

त्यांनी रजिस्टर उघडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: नाव न विचारता औषध दिले, चूक माझी. खाटांच्या अदलाबदलीचा एक शब्द नाही. मी समोर उभी. माझी नोकरी कंत्राटी, पुढच्या महिन्यात मुदत संपणार. मनात म्हटलं, नाव तर त्यांनीच विचारलं नाही, नियम तर त्यांचाच होता. इतकं सोयीचं डोकं माझं कधी चाललं नव्हतं. लाज वाटत होती, तरी मी ट्रे आवरायला घेतला.

सिस्टर त्या बाईला पाणी पाजायला उठल्या. एकवीस-बावीस वर्षांची असेल ती. ती घोटभर पाणी प्यायली, आणि जिनं चूक केली तिलाच तिनं आपलं बाळ धरायला दिलं.

"सिस्टर," मी म्हटलं, "खाटा मी बदलल्या होत्या. नोंद केली नाही."

"मले माईत हाये. त्या सासूबाईनं सांगतलं, औषध गेल्यावर."

"मग लिहिलं काहून नाही?"

त्यांचे दोन्ही हात बाळात गुंतले होते. त्यांनी नुसती मान टेबलाकडे केली. मी जाऊन पाहिलं. त्यांच्या मजकुराखाली सही अजून झालेली नव्हती. दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या, आणि पेन उघडंच ठेवलेलं होतं.