निळ्या ड्रेसमधले फोटो

आमचं दुकान एक, धंदे दोन. पुढे माझी घड्याळं, पडद्यामागे मास्तरांचं शिलाई मशीन. मास्तरांच्या हातात कला, तोंडात मात्र शब्द नाही. गिऱ्हाईक भांडायला आलं की हा माणूस गळ्यातल्या टेपशी चाळा करत उभा. त्यांच्या वतीने भांडायचं काम माझ्याकडे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, समुद्रापलीकडे माहेरी. लग्नात मास्तरांनी तिला स्वतःच्या हाताने एक निळा ड्रेस शिवला होता. पुढे सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली. दरवर्षी सुटीत मास्तर तिकडे जायचे. वहिनी जराशी भरलेली असायची. मास्तर बाजूची शिवण उसवून ड्रेस बोटभर सैल करायचे, मग तो घालून दोघांचा फोटो. "अहो, आख्ख्या गल्लीचे कपडे शिवता आणि बायकोला एकच ड्रेस?" मी एकदा विचारलं. "ती म्हणते, फोटोला हाच," एवढंच म्हणाले.

वहिनीला इकडे आणायचा अर्ज केला तेव्हा मास्तरांनी तेच फोटो मोठ्या कौतुकाने जोडले. व्हिसा नाकारला. कारण काय, तर सर्व छायाचित्रांत अर्जदाराच्या अंगावर एकच पोशाख आहे, ती एकाच दिवशी काढलेली दिसतात, सबब विवाह खरा असल्याची खात्री पटत नाही. मी ते मोठ्याने वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. खरा नाही म्हणे! मास्तर काज करत बसले होते. ते काज वाकडं गेलं.

मी मास्तरांना एका वकीलबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी सांगितलं, अपील नाही, पण न्यायालयीन पुनर्विलोकन मागता येईल.

"मी ड्रेस मागवून घेतो," मास्तर म्हणाले. एका दमात एवढं बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होतो. "जुन्या टाक्यांची भोकं राहतात कापडात. दर वर्षीची शिवण वेगळी दिसेल. न्यायाधीशांना उसवूनच दाखवतो."

"नाही चालणार, मास्तर," वकीलबाई म्हणाल्या. " कोर्ट व्हिसा देत नाही. अधिकाऱ्याने निर्णय नीट घेतला का, एवढंच बघतं. आणि त्याच्यापुढे जे कागद होते तेवढेच बघतं. नवीन काही नाही."

"म्हणजे खरं काय ते सांगायचंच नाही?" मी तडकलो.

"तुम्ही जरा बाहेर बसा," बाई म्हणाल्या. बसलो.

मग तारीख पे तारीख. ऐन वेळी बोलावणं आलं तर, या धास्तीने मास्तर सुटीतही गेले नाहीत. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. फोनवर वहिनी रोज विचारायची, "काही कळलं?" आणि मास्तर रोज "कळेल" म्हणायचे. पडद्याआडून ते ऐकू यायचं, आणि मी आपला घड्याळात डोकं घालून बसायचो.

सुनावणी कपभर चहा थंड व्हायला लागतो तेवढ्या वेळात संपली. सरकारी वकील म्हणाले, फोटो बघून कुणालाही तेच वाटेल. न्यायाधीशबाईंनी फाईल चाळली. "पासपोर्टवरचे शिक्केही याच फाईलीत आहेत. हे गृहस्थ दरवर्षी तिकडे गेले आहेत. ड्रेस एकच का, हे एकदा विचारायला काय हरकत होती?" निर्णय रद्द झाला. अर्ज दुसऱ्या अधिकाऱ्याने नव्याने बघावा, असा हुकूम निघाला.

"जिंकलो का आपण?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"जिंकलो," वकीलबाई म्हणाल्या. "आता परत रांगेत उभे राहा."

मी कपाळावर हात मारला. पण या खेपेच्या अधिकाऱ्याने वहिनीला बोलावून ड्रेसचं विचारलं. तिने सांगितलं. व्हिसा मिळाला.

विमानतळावर मी मुद्दाम गेलो. मास्तरांच्या वतीने कुणीतरी बोलायला नको का! वहिनी बाहेर आली ती निळ्या ड्रेसमध्येच.

"अहो वहिनी, आता तरी दुसरा घालायचा!" मी थट्टा केली.

"इथेही फोटोशी ताडून बघितलं असतं तर?" ती म्हणाली. "वेगळा ड्रेस बघून म्हणाले असते, ही ती नव्हेच."

माझं हसू जागीच विरलं. ड्रेस तिच्या अंगावर लोंबत होता. दोन्ही बाजूंना सेफ्टी पिना लावून कसाबसा आवळलेला. मास्तरांनी काखेखालचं कापड चिमटीत धरलं. किती जास्त आहे ते त्यांच्या बोटांना कळलं, आणि तो मुका माणूस भर गर्दीत रडला. मलाही आवरेना.

"घरी गेल्यावर आत घेतो," ते कसेबसे म्हणाले.

वहिनीने त्यांचा हात बाजूला केला.

"राहू द्या तसाच. इथे भरेन मी परत."