आमच्या वावरात अळ्या न्हाईत

संशोधन केंद्रात काचेची भांडी धुण्यात माझी उमर गेली. भांडं धुतलं की निघतं, ऐकलेलं निघत नाही. थरावर थर चढत जातो. नातवंडं म्हणतात, "आजी, लिहून काढ की." लिहिते. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्याची मला लाज नाही, आणि कुणी मला ती शिकवायलाही येऊ नये.

वाचायला मी शिकले ते बाटल्यांवरच्या लेबलांवरून. नोकरीत कायम करायच्या वेळी साहेबांनी विचारलं, "बाई, इंग्रजी येतं का?"

"एक शब्द येतो. पॉयझन."

"बस्स?"

"तेवढा वाचता आला की माणूस जगतंय, साहेब. बाकीचे जगल्यावर शिकू!"

झाले कायम.

*

आमच्या केंद्रात माती तपासणारे होते, किडे पाळणारे होते, लोकांचं जेवण तोलणाऱ्या बाई होत्या. दुपारच्या चहाला सगळे लिंबाखाली जमायचे आणि एकमेकांची रडगाणी ऐकायचे.

मातीवाले सर एकदा लय खुशीत होते. मानवतकडच्या एका शेतकऱ्याच्या मातीचा रिपोर्ट असा काही चांगला आला, की त्यांनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. "जमीन तुमची सोन्यासारखी. मग कापूस असा खुरटा का?"

"कापूस माझा हाय, सायेब. माती शेजाऱ्याची."

"अहो, शेजाऱ्याची कशाला आणली?"

"एवढ्या मोठ्या हापिसात तपासायची म्हणल्यावर घरची कशी आणावी? काही इज्जत हाय का न्हाई!"

*

जेवणवाल्या बाई सेलूजवळच्या एका खेड्यात जायच्या. रोज एक घर. ताटात पडायच्या आधी अन्न तराजूवर तोलायचं, असं काम. एक दिवस आल्या त्या चक्रावूनच. "पारूबाई, या गावात रोज पुरणपोळी करतात हो! तूप तर विचारू नका."

"येणार म्हणून सांगून जाता ना?" मी विचारलं.

"मग? न सांगता कुणाच्या घरात कसं शिरायचं?"

पुढच्या आठवड्यात एका घरी पोळीचा घास तोंडात असलेली एवढीशी पोरगी आईला म्हणाली, "माय, ह्या बाई रोज कामून येत न्हाईत?"

बाईंनी तराजू पिशवीत घातला आणि सरळ एसटी धरली.

*

माझी नेमणूक खरात मॅडमकडं. वयानं माझ्या लेकीएवढी, आमच्याच समाजातली, बाप रेल्वेत गँगमन. बोंडअळीवर पीएच.डी. करत होती. अळ्यांच्या पिढ्यांवर पिढ्या लॅबमध्ये वाढवायच्या, आणि औषधाला त्या कशा सरावतात ते बघायचं. बाटलीत अळी एकच ठेवायची. दोन ठेवल्या की सकाळी एकच सापडते, आणि ती चांगली जाड झालेली असते!

मेळाव्याला आलेला एक शेतकरी आमची खोली बघून कपाळावर हात मारायला लागला. "आमी मारता मारता बेजार झालाव, अन् तुमी ह्यांना भेंडी चिरून घालायलाव?"

मी म्हणाले, "तुमी मारायलाव, त्या मरंनात. आमी जगवायलाव, त्या जगंनात. बदली करायची का?"

मॅडमची पदवी ज्या विद्यापीठाची, त्याच्याच नावाचा लढा चालू होता. बाप दर महिन्याला येऊन बजावायचा, "पोरी, घाई करू नको. नाव बदलू दे, मग घे कागद. त्या नावासाठी ह्या पाठीवर लाठी घेतली हाय."

मॅडम म्हणायच्या, "मी थांबेन, बाबा. अळ्या थांबत न्हाईत."

*

मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून केंद्रात झाडलोट सुरू झाली. शिपाई नवा होता, बालाजी, कामाला वाघ. सकाळी आम्ही लॅब उघडली, तर सगळ्या बाटल्या धुऊन, पुसून, पालथ्या घातलेल्या. बालाजी दारात छाती काढून उभा.

"मॅडम, ह्या खोलीत लय अळ्या झाल्या होत्या. बाटली-बाटलीत! एकबी ठेवली न्हाई."

मॅडमनी बाटल्यांकडं पाहिलं. "चांगलं केलंस," म्हणाल्या, आणि लिंबाखाली जाऊन बसल्या. मी बालाजीला काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही.

शिष्यवृत्ती पावसाळ्यापर्यंत. अळ्या लगेच मिळाल्या तर पिढ्या पुऱ्या होणार, नाहीतर पदवी गेली. शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्या तर उपटून झालेल्या. राहिला हरभरा. कापसावरची बोंडअळी तीच हरभऱ्यात येते. तिथं ती घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, पोखरते म्हणून लोक तिला घाटेअळी म्हणतात, एवढंच.

*

वालूर माझं माहेर. तिथले गणपतराव मोठे शेतकरी. नामांतराच्या दंगलीपासून त्यांच्या ओट्यावर आमच्यापैकी कुणी बसलं नव्हतं. मी गेले. बसले नाही, उभ्यानंच बोलले.

"दादा, तुमच्या हरभऱ्यातल्या अळ्या पाहिजेत."

"पारू, लोक अळीचं औषध मागतेत. तू अळ्या मागायलीस?"

"एका पोरीची पदवी अडकलीय."

त्यांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली. "गावची लेक दारात आल्यावर न्हाई कसं म्हणावं? सोमवारी घेऊन ये तिला."

सोमवारी आम्ही बाटल्यांची पिशवी घेऊन गेलो. गणपतराव धुतलेला पटका बांधून बांधावर उभे. वास मला लांबूनच आला. लेबल वाचायची गरज नव्हती.

"या मॅडम! कालच सगळं वावर फवारून घेतलं. म्हणलं, शिकलेली पोरगी येणार, अंगावर अळी चढली तर आमच्याबद्दल काय म्हणंल!"

घाट्याघाट्याला मेलेली अळी लोंबत होती. मॅडम म्हणाल्या, "पीक लय सुंदर आहे, काका."

*

फाट्याकडं निघालो, तर मागून हाक आली. "पारे, थांब." गणपतरावांची आई, थोरल्या बाई. काठी टेकत आम्हाला गोठ्यामागं घेऊन गेल्या. तिथं त्यांनी स्वतःला खायला हरभऱ्याचा एक वाफा लावला होता. खायचं म्हणून औषध मारलं नव्हतं. एक घाटा धड नव्हता!

"हे गणपतला बी दाखवलं न्हाई मी," त्या म्हणाल्या. "वेचा."

आम्ही तिघी उकिडव्या बसलो. थोरल्या बाई काडीनं अळी उचलायच्या, मॅडमच्या हातातल्या बाटलीत सोडायच्या. निघताना त्यांनी मॅडमचं मनगट धरलं. "पोरी, आमच्या वावरातल्या हायत म्हणून कुठं सांगू नको बरं."

मॅडमनी शब्द दिला.

त्याच अळ्यांवर काम पुरं झालं. तोंडी परीक्षेला बाहेरून एक सर आले. मी चहा घेऊन दारात होते. पहिलाच प्रश्न, "अळ्या कुठून गोळा केल्या?"

"वालूरहून, सर."

"कुणाच्या शेतातून?"

"ते सांगता येणार नाही. शब्द दिलाय."

"अहो, हे संशोधन आहे!"

"अळ्यांचं आहे, सर. त्या बाईंचं नाही."

सरांनी माझ्या हातातला चहा घेतला आणि पुढचा प्रश्न विचारला.

पदवीचा कागद हातात यायला पुढची संक्रांत उलटली. त्याच संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं होतं. खरातबाबांनी वस्तीत उभं राहून कागदावरचं ते नाव मोठ्यानं वाचलं. लोक म्हणाले, "परत वाचा!" त्यांनी परत वाचलं.

मी पेढे घेऊन वालूरला गेले. थोरल्या बाई बाजेवर पडून होत्या. मी त्यांच्या कानाशी वाकले. "थोरल्या बाई, पोरगी डॉक्टर झाली. कागदावर नवं नाव आलं!"

त्यांनी माझ्या हातातला पेढा घेऊन तोंडात टाकला. गणपतराव जवळपास नाहीत ना, ते मान उचलून पाहिलं. मग हळूच विचारलं,

"आमचं तर न्हाई ना घातलं?"